नाट्यपदापासून डग्ग्यापर्यंत : प्रोसेसरच्या पडद्यावर डायनॅमिक इक्यू कसा बसवावा

सांगलीच्या नाट्यगृहात संगीत नाटकाचा प्रयोग लागला की ध्वनियोजकाला एकाच गळ्यातले दोन आवाज सांभाळावे लागतात. संवाद बोलताना नटाचा आवाज भरदार आणि शांत असतो. तोच नट पदाच्या अंतऱ्यात तार षड्जावर जाऊन तान घेऊ लागला, की २,५०० ते ३,५०० हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज बोचू लागतो आणि पुढच्या रांगेतले प्रेक्षक नकळत अंग चोरतात. साध्या इक्यूने, म्हणजे आवाजाचा एखादा पट्टा उचलणाऱ्या वा दाबणाऱ्या इक्वलायझरने, तो पट्टा ५ डेसिबल खाली ओढला तर तान सुसह्य होते, पण संवादातील व्यंजनांची धार जाते आणि मागच्या रांगेतील आजोबांना प्रत्येक वाक्यानंतर शेजाऱ्याला विचारावे लागते. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी याच सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, तेव्हा नटाचा आवाज त्याच्या गळ्यातून थेट प्रेक्षकांपर्यंत जात होता आणि वाटेत मोकळ्या हवेत बराचसा मवाळ होत होता. आज माइक ओठांपासून काही सेंटिमीटरवर असतो. त्यामुळे गळ्यातील प्रत्येक चढउतार जसाच्या तसा, किंबहुना अधिकच उघडा होऊन लाउडस्पीकरमधून बाहेर पडतो.

डायनॅमिक इक्यू नेमका या अडचणीसाठी आहे. संवादाच्या वेळी तो पट्टा अजिबात न छेडणे आणि तान चढली की तेवढ्यापुरता खाली घेणे, हे काम तो करतो. हल्लीच्या बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये, लाउडस्पीकर सांभाळणाऱ्या प्रोसेसरमध्ये आणि रेकॉर्डिंगच्या प्लगइनमध्ये तो मिळतो, आणि त्याचे सर्व नियंत्रण संगणकाच्या किंवा टॅबच्या पडद्यावर एका ग्राफच्या रूपात समोर येते. माझ्या अनुभवात या ग्राफमुळे काम जितके सोपे झाले आहे, तितक्याच चुकाही वाढल्या आहेत, कारण पडद्यावर रेषा सुंदर हलताना दिसली की आवाजही सुधारला असावा, असे मनाला वाटू लागते. म्हणून या लेखात प्रत्येक नियंत्रण कोणत्या क्रमाने हाती घ्यावे आणि पडद्यावरचे चित्र कोठवर खरे मानावे, हे सविस्तर मांडले आहे.

साध्या इक्यूपेक्षा वेगळे काय

साध्या पॅरामेट्रिक इक्यूच्या एका बँडला, म्हणजे एका पट्ट्याच्या नियंत्रणाला, तीनच आकडे लागतात : फ्रीक्वेन्सी, पट्ट्याची रुंदी ठरवणारा क्यू आणि किती डेसिबल उचलायचे वा दाबायचे तो गेन. हा गेन कार्यक्रमभर तसाच राहतो. डायनॅमिक इक्यूमध्ये त्याच बँडच्या आत एक लहानसा पारखी बसवलेला असतो, ज्याला डिटेक्टर म्हणतात. तो फक्त त्या पट्ट्यातील पातळी मोजत राहतो आणि ती थ्रेशोल्डच्या, म्हणजे आपण ठरवून दिलेल्या पातळीच्या, वर गेली की बँडचा गेन हलवतो. थ्रेशोल्ड उणे २० डेसिबल आणि रेशो २ : १, म्हणजे थ्रेशोल्डवरच्या दर २ डेसिबलपैकी १ च पुढे जाऊ द्यायचा, असा ठेवला आहे असे समजू. पट्ट्यातील पातळी उणे १२ झाली, म्हणजे थ्रेशोल्डच्या ८ डेसिबल वर गेली, तर बँड ४ डेसिबल दाबेल. पातळी उणे ४ झाली तर हिशेबाने ८ डेसिबल दाबायला हवेत. पण रेंज ६ वर ठेवली असेल तर बँड ६ वर थांबेल. रेंज म्हणजे बँडला दिलेली कमाल मोकळीक. पुढे येणाऱ्या सर्व पायऱ्यांत मी याच आकड्याला सर्वाधिक महत्त्व देणार आहे.

मल्टिबँड कॉम्प्रेसरही पट्ट्यापट्ट्याने दाबतो, मग दोन्हींत फरक कोणता, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. मल्टिबँडमध्ये सिग्नल आधी क्रॉसओव्हरने, म्हणजे फ्रीक्वेन्सीनुसार आवाज विभागणाऱ्या फिल्टरने, तीन-चार तुकड्यांत कापला जातो आणि नंतर पुन्हा जोडला जातो. बहुतेक यंत्रांत या कापाकापीचा फेजवरील, म्हणजे लहरींच्या परस्पर वेळेवरील, परिणाम काहीही दाबलेले नसतानाही आवाजात राहतो. डायनॅमिक इक्यूचा बँड शून्यावर असताना तो जणू नसतोच. गाण्याच्या आणि नाटकाच्या माइकसाठी मी डायनॅमिक इक्यूच निवडतो, तो यामुळे.

संगणक जोडताना घ्यायची काळजी

वेगळा सिस्टीम प्रोसेसर वापरणाऱ्यांनी हा भाग टाळू नये. प्रोसेसर आणि संगणक नेटवर्कच्या केबलने जोडताना दोघांचे पत्ते एकाच मालिकेतील असावे लागतात. उदाहरणार्थ प्रोसेसर १९२.१६८.१.१० असेल तर संगणकाला १९२.१६८.१.२० द्यावा आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवावा. गर्दीच्या मंडपात शेकडो मोबाइल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर विसंबून राहू नये. स्टेजजवळच्या प्रोसेसरपासून मिक्सरच्या टेबलापर्यंत नेटवर्क केबल टाकावी. तिची मर्यादा १०० मीटर आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी ती पुरते. केबल निघाली किंवा संगणक बंद पडला तरी आवाज थांबत नाही, कारण सगळी प्रक्रिया प्रोसेसरच्या आत होते आणि पडदा ती फक्त दाखवतो व बदलतो.

जोडणी झाली की सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारते : प्रोसेसरमधील सेटिंग संगणकात घ्यायचे, की संगणकातील सेटिंग प्रोसेसरमध्ये पाठवायचे? मी अनेक वर्षांपूर्वी गणेशोत्सवातील एका कार्यक्रमाआधी घाईत उलट बटण दाबले होते. आदल्या आठवड्यात दुसऱ्याच स्पीकरसाठी तयार केलेली फाइल प्रोसेसरमध्ये गेली, क्रॉसओव्हरच्या जागा बदलल्या आणि बेससाठीचा आवाज टॉपच्या, म्हणजे वरच्या पट्ट्याच्या स्पीकरच्या, लहान ड्रायव्हरकडे जाऊ लागला. अॅम्प बंद होते म्हणून ड्रायव्हर वाचले. तेव्हापासून मी दोन गोष्टी कधीही सोडलेल्या नाहीत : जोडणी होईपर्यंत अॅम्प बंद ठेवायचे, आणि पहिल्यांदा नेहमी प्रोसेसरमधून संगणकाकडेच घ्यायचे. घेतलेली फाइल लगेच तारखेसह जतन करावी, म्हणजे परतीची वाट मोकळी राहते.

ग्राफवरच्या रेषा वाचण्याची रीत

आडव्या अक्षावर २० ते २०,००० हर्ट्झ आणि उभ्या अक्षावर डेसिबल, अशी जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरची मांडणी असते. आडवा अक्ष सप्तकांच्या हिशेबाने आखलेला असतो. म्हणजे १०० ते २०० या अंतराला जितकी जागा, तितकीच १,००० ते २,००० ला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला हे सहज पटते, कारण एका षड्जापासून पुढच्या षड्जापर्यंत फ्रीक्वेन्सी दुप्पट होते. पूर्ण अक्षावर अशी जवळपास १० सप्तके मावतात. ग्राफ १,००० पिक्सेल रुंद असेल तर एका सप्तकाला १०० पिक्सेल मिळतात आणि माउसने ठिपका एक पिक्सेल सरकवला की फ्रीक्वेन्सी सुमारे ०.७ टक्के बदलते. माउससाठी हे पुरेसे बारीक आहे. टॅबवर मात्र बोटाच्या टोकाखाली ४० ते ५० पिक्सेल सहज झाकले जातात, म्हणजे जवळपास अर्धे सप्तक. त्यामुळे टॅबवर ठिपका ओढून अंदाज घ्यावा आणि अंतिम आकडा टंकूनच भरावा.

उभ्या अक्षाची मोजपट्टी काम सुरू करण्याआधी तपासावी. ती कुठे अधिक-उणे ३० डेसिबल असते, कुठे ६. तीन डेसिबलचा खड्डा पहिल्या पट्टीवर ओरखड्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या पट्टीवर दरीसारखा. पहिल्या पट्टीवर काम करणारा माणूस हमखास जास्त दाबतो आणि दुसऱ्या पट्टीवरचा घाबरून कमी दाबतो. मी स्वतः सर्व कामासाठी १२ डेसिबलची पट्टी ठेवतो आणि ती बदलत नाही, म्हणजे डोळ्यांना एकाच मापाची सवय राहते.

डायनॅमिक बँडवर साधारणतः तीन गोष्टी दिसतात. पहिली स्थिर रेषा, म्हणजे बँड शांत असतानाचा आकार. दुसरी मर्यादेची रेषा, म्हणजे रेंज पूर्ण वापरली गेली तर बँड कोठवर जाईल ते. या दोन रेषांमधला भाग बहुधा फिक्या रंगाने भरलेला असतो. तिसरी हलती रेषा, जी या भरलेल्या भागात वर-खाली होते आणि या क्षणी बँड काय करत आहे ते सांगते. काही सॉफ्टवेअरमध्ये हलती रेषा नसते आणि केवळ किती डेसिबल दाबले गेले ते दाखवणारा उभा मीटर असतो. माहिती तीच असते.

या सर्वांच्या मागे आवाजाचा सजीव आलेख पसरलेला असतो, आणि नवख्या माणसाचा सर्वाधिक घात तोच करतो. ४८,००० सॅम्पलच्या दराने ४,०९६ सॅम्पलचा घास घेऊन आलेख काढला, तर प्रत्येक रकाना ११.७ हर्ट्झचा होतो आणि एक घास भरायला सुमारे ८५ मिलिसेकंद लागतात. परिणामी ६० आणि ७० हर्ट्झमधला भेद पडद्यावर नीट उमटत नाही, आणि 'स'चा क्षणिक फुत्कार आलेखाच्या सरासरीत विरघळून प्रत्यक्षापेक्षा बराच कमी दिसतो. शिवाय आलेखातील प्रत्येक टोक हा दोष नसतो. स्वर म्हणजेच मूलस्वर आणि त्याच्या वरच्या अंशस्वरांची टोके. पडद्यावर टोक दिसले म्हणून दाबले, असे करणारा ध्वनियोजक गाणेच दाबत असतो.

एक बँड बसवण्याचा क्रम

प्रथम स्थिर दोष स्थिर इक्यूनेच काढावेत. नाट्यगृहाची स्वतःची घुमणारी फ्रीक्वेन्सी, माइकचा स्वभाव, स्पीकरचा उठाव, या गोष्टी नट हळू बोलला तरी असतात आणि ओरडला तरी असतात. त्यांना डायनॅमिक इक्यू लावणे म्हणजे गळक्या नळाखाली पहारेकरी बसवणे. माइक शिट्टी मारत असेल तर तेही याच टप्प्यावर, माइकची जागा, स्पीकरची दिशा आणि अरुंद स्थिर खाच यांनी मिटवावे. यासाठी एक सोपी खूण आहे : बसवलेल्या बँडची हलती रेषा कार्यक्रमभर खालीच राहिली आणि शून्यावर कधी परतलीच नाही, तर तो दोष स्थिर आहे असे समजावे.

त्यानंतर तालमीचे, आणि तेही पूर्ण जोरात गायलेल्या भागाचे, रेकॉर्डिंग घ्यावे. नट मंडळी साउंड चेकला अर्ध्या आवाजात गातात आणि प्रयोगात दीडपट, हा अनुभव सगळ्यांना आहे. म्हणून त्यांना पदाचा सर्वांत चढा भाग आणि संवादाचा सर्वांत हळू भाग, असे दोन्ही म्हणायला विनंती करावी. मी गायक नटांना "दादा, तेवढी शेवटची तिहाईची तान पूर्ण लावून घ्या, रात्री उपयोगी पडेल" असे आधीच सांगून ठेवतो आणि कोणी कधी नाही म्हटलेले नाही. हे दोन तुकडे पुढच्या सर्व पायऱ्यांत पुन्हा पुन्हा वाजवायचे आहेत.

आता फ्रीक्वेन्सी शोधावी. हेडफोनवर, आवाज कमी ठेवून, क्यू ४ च्या आसपास घ्यावा, गेन ६ डेसिबल वर उचलावा आणि चढ्या तुकड्यावर ठिपका २,००० ते ५,००० हर्ट्झच्या दरम्यान हळू फिरवावा. जिथे बोचणे असह्य होते ती जागा लिहून ठेवावी आणि गेन लगेच शून्यावर आणावा. हे सभागृहाच्या स्पीकरवर करू नये. सॉफ्टवेअरमध्ये डिटेक्टरला काय ऐकू येते ते ऐकवणारे बटण असेल तर त्याचा उपयोग अवश्य करावा, कारण त्यातून पट्ट्याबाहेरचे सर्व गळून जाते आणि नेमका त्रास देणारा तुकडा कानावर येतो. जागा मिळाली की क्यू ठरवावा. क्यू १.४ म्हणजे साधारण एक सप्तक, २.९ म्हणजे अर्धे आणि ४.३ म्हणजे एक तृतीयांश. मानवी आवाजासाठी मी १.४ ते २.९ च्या बाहेर क्वचितच जातो. तानेत सूर सतत सरकत असल्याने अरुंद बँड एक सूर दाबतो आणि शेजारचा सोडून देतो, आणि तान खडबडीत ऐकू येते.

यापुढच्या पायरीवर माझा क्रम बहुतेकांपेक्षा वेगळा आहे. सर्वसाधारणपणे आधी थ्रेशोल्ड लावला जातो. मी आधी रेंज बांधून घेतो. थ्रेशोल्ड तात्पुरता अगदी खाली ओढावा, म्हणजे बँड कायम पूर्ण दाबलेला राहील, आणि त्या स्थितीत चढा तुकडा ऐकत रेंज १ डेसिबलपासून एकेक वाढवत जावी. बोचणे ज्या आकड्यावर थांबते तीच रेंज. त्यापुढे एक डेसिबलही देऊ नये. संगीत नाटकाच्या गायकासाठी हा आकडा माझ्याकडे बहुधा ३ ते ५ येतो. असे केल्याने सर्वांत वाईट प्रसंगी, म्हणजे नटाने माइक हातात घेऊन तोंडाला लावला किंवा दुसऱ्याच कोणी माइकचा गेन, म्हणजे मिक्सरमध्ये येणारी त्याची पातळी, वाढवला तरी, बँड ठरलेल्या मर्यादेपलीकडे आवाज बिघडवू शकत नाही. ग्राफवर रंगाने भरलेला भाग जितका उथळ, तितका ध्वनियोजक निश्चिंत.

रेंज बांधली की थ्रेशोल्ड वर न्यायला सुरुवात करावी. हळू संवादाचा तुकडा चालू ठेवून थ्रेशोल्ड इतका वर न्यावा की हलती रेषा पूर्ण स्थिर होईल. मग चढा तुकडा लावून पाहावे की ती रेषा रेंजच्या निम्म्याहून अधिक खाली जाते का. दोन्ही साधले तर थ्रेशोल्ड बसला. येथे एक गैरसमज वारंवार होतो. चॅनलचा मुख्य मीटर उणे १० दाखवतो म्हणून थ्रेशोल्ड उणे १० च्या जवळ ठेवला जातो आणि बँड हलतच नाही. डिटेक्टर पूर्ण आवाज मोजत नसून फक्त आपल्या पट्ट्यातील आवाज मोजतो, आणि तो पूर्ण पातळीपेक्षा १०, १५ किंवा त्याहूनही अधिक डेसिबल खाली असू शकतो. म्हणून थ्रेशोल्ड नेहमी बँडच्या स्वतःच्या मीटरकडे पाहून लावावा.

तितकाच महत्त्वाचा प्रश्न असा, की हा बँड आवाजाच्या वाटेवर कोठे बसला आहे. मिक्सरच्या चॅनलवर फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांडीच्या, आधी असेल तर फेडर वर-खाली केल्याने थ्रेशोल्डचे गणित बदलत नाही, पण माइकचा गेन हलवला तर बदलते. तोच बँड स्पीकरच्या प्रोसेसरमध्ये असेल तर मास्टर फेडर दोन डेसिबल वर गेला तरी तो अधिक दाबू लागतो. साउंड चेकनंतर कोणी गेनला हात लावला असेल, तर थ्रेशोल्डही तितक्याच डेसिबलने सरकवावा लागतो. आमच्या टेबलावर तिसऱ्या घंटेआधी गेनच्या सर्व आकड्यांचे छायाचित्र घेतले जाते, ते यासाठी.

अटॅक (बँड किती वेळात हलतो) आणि रिलीज (किती वेळात परततो) यांचा आधार फ्रीक्वेन्सीच्या एका आवर्तनाला लागणारा वेळ असावा. ३,००० हर्ट्झचे एक आवर्तन ०.३३ मिलिसेकंदाचे, तर ८० हर्ट्झचे १२.५ मिलिसेकंदांचे असते. बँड एका आवर्तनाच्या आतच हलू लागला तर लहरीचा आकार मोडतो आणि आवाज चिरका होतो. तानेच्या बँडला ५ ते १० मिलिसेकंद अटॅक आणि ८० ते १५० मिलिसेकंद रिलीज माझ्याकडे चांगला बसतो. अटॅक याहून कमी केला तर व्यंजनांची सुरुवात कापली जाते आणि 'कट्यार', 'तुतारी' यांसारखे शब्द बोथट होतात.

शेवटी बायपासचे, म्हणजे बँड चालू-बंद करणारे, बटण घेऊन तुलना करावी. दाबलेला आवाज किंचित लहान असतो आणि मोठा आवाज नेहमी बरा वाटतो, म्हणून दोन्हींची पातळी जुळवून मगच निर्णय घ्यावा. तुलना करताना मी पडद्याकडे पाठ करतो आणि सहकाऱ्याला बटण दाबायला सांगतो. संवादाच्या तुकड्यात कोणती स्थिती चालू आहे हे मला ओळखता आले नाही, आणि बँड चालू असताना चढ्या भागात बोचत नसेल, तर बँड योग्य बसला असे मी मानतो.

'स' आणि 'श'चा फुत्कार काढण्यासाठीही हाच क्रम चालतो. जागा तेवढी ५,००० ते ८,००० हर्ट्झच्या दरम्यान सरकते. मराठीत मात्र आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. चाक, चूल, चोर यांतला दंत्य 'च' आणि तसेच दंत्य 'ज', 'झ' हेही दातांवरून येताना चांगलाच फुत्कार सोडतात. केवळ 'सांगली, सातारा, शिरोळ' म्हणवून थ्रेशोल्ड लावला, तर प्रयोगात 'चोर' म्हणताच बँड दचकतो. चाचणीच्या वाक्यात हे वर्ण मुद्दाम घ्यावेत.

डग्गा, हार्मोनियम आणि तंबोरा

डग्ग्याच्या माइकवर घिस्सा आणि मींड हवीच असते, पण जोराच्या 'धा'ला ८० ते १२० हर्ट्झमध्ये जो फुगा येतो तो सभागृह भरून टाकतो. येथे बँड रुंद ठेवावा, अटॅक २० ते ४० मिलिसेकंद द्यावा, म्हणजे थापेची सुरुवात जिवंत राहते आणि मागची घुमक तेवढी दबते. रिलीज ठरवताना लयीकडे पाहावे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेला ५०० मिलिसेकंद मिळतात, २४० मात्रांच्या द्रुत लयीत २५०. रिलीज मात्रेपेक्षा लांब झाला तर बँड दोन थापांच्या मध्ये परतत नाही आणि द्रुत लयीत डग्गा एकदम पातळ होतो. मी तो २०० मिलिसेकंदांच्या आत ठेवतो. हार्मोनियमला बहुधा भाता जोरात ओढल्यावरच डायनॅमिक बँड लागतो, आणि माइक थोडा दूर सरकवल्यास तोही लागत नाही.

तंबोऱ्याच्या माइकवर मात्र डायनॅमिक इक्यू लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मिरजेचे सतारमेकर घोडीवरची जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारा उतार, तासण्यात तासन्‌तास घालवतात आणि तारेखालचे सूत केसाएवढे सरकवले की अंशस्वरांचा सगळा पसारा बदलतो. पडद्यावर तो पसारा टोकांच्या रांगेसारखा दिसतो. ती टोके म्हणजेच जवारी. त्यातले एखादे वर-खाली होताना पाहून त्यावर बँड बसवला, तर कारागिराच्या हाताने आणलेली झिलई यंत्राने पुसली जाते. तंबोऱ्याला चांगला माइक, योग्य अंतर आणि सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा भाग काढणारा साधा फिल्टर एवढे पुरते.

आवाज कमी ठेवायचा असतो तेव्हा

आतापर्यंतचे बँड पातळी वाढल्यावर दाबणारे होते. प्रोसेसरमध्ये याच्या उलटाही प्रकार असतो : पातळी थ्रेशोल्डच्या खाली असताना बँड उचललेला राहतो आणि पातळी वाढली की उचल मागे घेतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि वस्तीतल्या मंडपात व्याख्यानमालेचा किंवा भावगीतांचा कार्यक्रम असला की आवाज बेताचाच ठेवावा लागतो. तेव्हा बेस नाहीसा झाल्यासारखा वाटतो. हा स्पीकरचा दोष नसून कानाचा स्वभाव आहे. हळू आवाजात खालच्या फ्रीक्वेन्सी कानाला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. अशा वेळी ८० हर्ट्झच्या आसपास ३ ते ४ डेसिबलची उचल द्यावी, अटॅक १०० मिलिसेकंदांच्या आसपास आणि रिलीज एक ते दोन सेकंद ठेवावा, कारण ही हालचाल श्रोत्याला जाणवता कामा नये. आवाज वाढला की उचल आपोआप निघून जाते आणि बेसच्या ड्रायव्हरवर विनाकारण ताण येत नाही.

यात एक धोका आहे. कार्यक्रमात शांतता पसरली की पातळी थ्रेशोल्डच्या खालीच असते, म्हणून बँड पूर्ण उचललेला राहतो, आणि आपल्या विजेच्या ५० हर्ट्झची व तिच्या दुपटीची, म्हणजे १०० हर्ट्झची घरघर त्याच पट्ट्यात असते. वक्ता थांबला की मंडप गुणगुणू लागतो. म्हणून आधी अर्थिंग आणि केबल तपासून घरघर काढावी. प्रोसेसरमध्ये खालचा दुसरा थ्रेशोल्ड असेल तर त्याच्या खाली उचल बंद होईल असे करून घ्यावे. तो नसेल तर उचल २ डेसिबलवर आणावी किंवा हा बँड न वापरलेला बरा.

प्रयोगाआधी

सर्व बँड बसले की फाइल प्रोसेसरमध्ये जतन करावी, नाव ठिकाण आणि तारीख यांवरून द्यावे, आणि तीच प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. प्रोसेसरच्या पुढच्या बटणांना कुलूप लावण्याची सोय असेल तर ती वापरावी. विंगेत ये-जा करणाऱ्या कोणाचा कोपर लागला तरी पुरते. त्यानंतर ग्राफची खिडकी लहान करून ठेवावी आणि बँड किती दाबतो आहे ते दाखवणारे मीटर तेवढे समोर ठेवावेत. नांदीच्या पहिल्या ओळीला मीटर हलता कामा नये आणि पहिल्या चढ्या तानेला तीन-साडेतीन डेसिबल हलायला हवा. नांदीलाच हलला तर कोणीतरी गेन वाढवला आहे. थ्रेशोल्ड तेवढ्याच डेसिबलने वर घ्यावा आणि बाकी कशालाही हात लावू नये.